उतारावरचा धूर : १९९९ च्या मारुती ८०० च्या दुरुस्तीच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार. मीटर १,१८,४१२ किमी.

मामांची जानेवारी १९९९ मध्ये नोंदलेली, कार्बोरेटरची मारुती ८०० आज पाचगणीहून वाईला आणली. गाडी मागून धूर सोडते. नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यानंतर दर पाच वर्षांनी करावी लागणारी पुनर्नोंदणी येत्या जानेवारीअखेर आहे. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले. पर्यावरण कर वेगळाच. म्हणून गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हे धुराचे कारण कळल्यावरच ठरवायचे, असे मामांशी बोलणे झाले आहे. किल्ली देताना ते म्हणाले, "चढाला काही करत नाही रे, उतरून आलं की मग सोडते." हे वाक्य मी लिहून ठेवतो आहे खरा, पण वर्षभर गाडी बाजारापुरतीच फिरवणाऱ्या माणसाचे निरीक्षण म्हणून सध्या तरी मी त्याला फारसे महत्त्व दिलेले नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्यातील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. तेथे ती दोनदा रेस करून, सायलेन्सरमागे दोन मिनिटे उभे राहून "रिंगा गेल्या, बोर करावे लागेल" असा निकाल दिला गेला (म्हणजे पिस्टनभोवतीच्या, ऑइल आणि वायू अडवणाऱ्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागतील) आणि अठ्ठावीस हजारांचा अंदाज सांगितला गेला. प्लग काढला नाही, कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते) मोजले नाही. निकाल चुकीचाच असेल असे मी म्हणत नाही. पण मोजमापाशिवाय एवढा खर्च करायचा नाही, एवढे ठरवले आहे.

आज ऑइल डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरले आणि मीटरचा आकडा टिपला. यापुढे जेवढे ऑइल घालावे लागेल ते मोजपात्रानेच घालायचे.

८ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळी साडेसहाला थंड इंजिन चालू केले. सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर निघाला आणि पाण्याचे थेंब जमिनीवर पडले. शेजारच्या काकांनी ताबडतोब "हेड गॅस्केट गेलं" असे जाहीर केले. हे म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याचा वरचा भाग (हेड) यांमधले पॅकिंग; ते गेले की पाणी सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये शिरू शकते. वास्तविक एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि थंडीच्या सकाळी सायलेन्सरचा पत्रा तापेपर्यंत त्यातील बरेचसे पाणी वाफ आणि थेंबांच्या रूपाने दिसते. ही वाफ हात-दोन हातांवर विरते. आजची विरत होती आणि सात-आठ मिनिटांनी पूर्ण थांबलीही.

मात्र त्या पांढऱ्यात पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत निळसर छटा असलेला एक झोत होता. तो विरला नाही. भिंतीलगत तरंगत राहिला आणि त्याला जळक्या तेलाचा वास होता. सायलेन्सरच्या तोंडापाशी पांढरा कागद धरला, तर ओल्या डागांमध्ये बारीक काळे तेलकट ठिपके आले. डाग उन्हात वाळून गेले, ठिपके राहिले. हा कागद वहीत लावून ठेवला आहे.

गॅस्केटची शंका तरीही तपासली. रेडिएटर थंड असताना झाकण उघडून इंजिन चालू केले. पाण्यात सतत येणारे बुडबुडे दिसले नाहीत. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ तपकिरी आहे. ऑइल भरायच्या टोपीच्या आतल्या बाजूस मात्र लोण्यासारखी पांढुरकी मळी होती आणि काकांना तो भक्कम पुरावा वाटला. पाचगणीच्या थंडीत रोज दोन-तीन किलोमीटर फिरलेल्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, आतली वाफ सर्वांत थंड जागी, म्हणजे टोपीला, धरते आणि ऑइलमध्ये मिसळते. मळी पुसून टाकली. साताऱ्याच्या फेऱ्यांनंतर ती पुन्हा धरते का, ते पाहायचे.

१२ नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन.

काम नाही. संध्याकाळी फटाक्यांच्या धुरात गाडीचा धूर शोधण्यात अर्थ नव्हता.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. मीटर १,१८,६०५ किमी.

काल भाऊबीजेला पाचगणीला गेलो तेव्हा चढावर ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर येत असल्याचे मागून मोटारसायकलवर येणाऱ्या मामेभावाने सांगितले. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. चोकची केबल गंजून अडकली होती आणि बटण आत ढकलले तरी कार्बोरेटरवरची पाकळी पूर्ण उघडत नव्हती. केबल काढून साफ केली, एअर फिल्टर बदलला, काळे थांबले. तासाभराचे काम होते, पण ते आधी होणे आवश्यक होते, कारण काळ्या धुरात निळा लपतो आणि जळलेल्या पेट्रोलची काजळी प्लगवर बसली की तेलाची खूण वाचता येत नाही.

एअर फिल्टरच्या डब्यात तळाशी थोडे ऑइल साचलेले होते. टॅपेट कव्हरवरून (हेडवरच्या झाकणावरून) येणारी, इंजिनातला वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तेथे उघडते. नळी रॉकेलने धुऊन घेतली. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उघडली आणि वर तळहात धरला, तर हलकी फुंकर जाणवली, झोत नाही. रिंगा पार गेल्या असत्या तर पिस्टनवरून खाली निसटलेला वायू येथून भसाभस बाहेर आला असता.

१९ नोव्हेंबर, रविवार.

आजची नोंद सविस्तर करणे भाग आहे, कारण आज मी स्वतःच चुकलो आणि चार तास गॅरेजवाल्याचा निकाल बरोबर मानून बसलो होतो.

तिन्ही प्लग काढले. पहिल्या आणि दुसऱ्याचे टोक फिकट तपकिरी, कोरडे. तिसऱ्याच्या कडेला एका बाजूने काळा, चकचकीत, ओलसर थर बसला होता. नखाने खरवडल्यावर तो डांबरासारखा निघाला. म्हणजे तेल मुख्यतः तिसऱ्या सिलिंडरमध्ये येते.

त्यानंतर मित्राकडून आणलेल्या गेजने कॉम्प्रेशन मोजले. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर काढून बॉडीला टेकवली, बॅटरी रात्रभर चार्ज केलेली होती, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने सहा-सात फेरे दिले. आकडे आले ११८, ११० आणि ११२ पीएसआय (दाबाचे एकक). तिन्ही कमी. तिन्ही सारखेच कमी म्हणजे तिन्ही बोअर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) सारखे झिजले, असा अर्थ मी लावला आणि खिन्न मनाने जेवायला गेलो.

जेवताना लक्षात आले की मी ॲक्सिलरेटर दाबलाच नव्हता. ॲक्सिलरेटरने उघडणारा कार्बोरेटरचा दरवाजा बंद असेल तर सिलिंडरला ओढायला पुरेशी हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? शिवाय इंजिनही गार झाले होते. दुपारी गाडी वाईबाहेर पंधरा किलोमीटर फिरवून तापवली आणि मामेभावाला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगून पुन्हा मोजले. आता १५८, १५२ आणि १५५ आले. त्यानंतर प्लगच्या भोकातून प्रत्येकी एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सोडून तिसऱ्यांदा मोजले : १६४, १६० आणि १६१.

रिंगा झिजलेल्या असतील तर हे ओतलेले ऑइल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवते आणि आकडा तीस-चाळीसने उसळतो. येथे तो सहा-आठने वाढला, आणि तेवढा तो चांगल्या इंजिनातही वाढतो. सिलिंडरांमधील जास्तीत जास्त फरक सहा पीएसआय, म्हणजे चार टक्क्यांच्या आत आहे. आणखी एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे : वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे, येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी असतो आणि गेजवरचा आकडाही त्याच प्रमाणात कमी दिसतो. मुंबईच्या माणसाने सांगितलेल्या आकड्याशी वाईचा आकडा ताडून पाहिला तर चांगले इंजिनही आजारी वाटेल.

यातून रिंगा निर्दोष ठरतात का? पूर्णपणे नाही. कॉम्प्रेशन धरणाऱ्या वरच्या दोन रिंगा चांगल्या असून त्याखालची ऑइल रिंग कार्बनने अडकलेली असू शकते, आणि हे गेजला कळत नाही. त्यामुळे धूर कोणत्या रंगाचा, याबरोबरच तो नेमका केव्हा येतो, हे नीट पाहण्याची गरज आहे. मामांचे वाक्य पुन्हा काढून वाचले.

२६ नोव्हेंबर, रविवार. मीटर १,१८,९०२ किमी.

पसरणी घाटाची चाचणी. वाई ते पाचगणी सुमारे बारा किलोमीटर असून त्यातला बराचसा भाग वळणावळणाचा चढ आहे. मामेभाऊ मोटारसायकलवर मागे राहून मोबाइलने चित्रण करत होता. चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर पूर्ण ताण असताना सायलेन्सर स्वच्छ होता. दोन ठिकाणी मुद्दाम थांबून पुन्हा जोर दिला, तरीही काही नाही.

उतरताना ब्रेकऐवजी दुसऱ्या गिअरच्या भरवशावर, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी येऊ दिली. उतरत असतानाही मागे फारसे काही दिसत नव्हते. घाट संपून सपाट रस्ता लागताच ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात रस्ताच दिसेनासा झाला. निळा ढग तीन-चार सेकंद निघाला व थांबला. चित्रणात तो स्पष्ट आहे. त्यात मामेभाऊ खोकत असल्याचाही आवाज आहे.

याचे कारण असे की ॲक्सिलरेटर सोडलेला असताना चाके इंजिनाला फिरवत राहतात, पिस्टन हवा ओढत राहतात आणि दरवाजा बंद असल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (पेट्रोल-हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांत) मोठी पोकळी निर्माण होते. ही पोकळी वॉल्व्हच्या (सिलिंडरच्या झडपेच्या) दांड्यालगतचे ऑइल, त्यावरचे रबरी सील कडक झाले असेल तर, गाइडमधून (दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) खाली ओढते. दहा मिनिटांच्या उतारात ते थेंब थेंब साचते आणि पेट्रोल-हवा मिळताच एकदम जळते. रात्रभर उभ्या गाडीत हेच ऑइल झिरपून वॉल्व्हवर येते आणि सकाळचा पहिला निळा झोत देते. चढावर दरवाजा उघडा असतो, पोकळी नसते, म्हणून धूर नसतो. रिंगांमधून ऑइल येत असते, तर चढावर इंजिन ताणात असतानाही मागे निळी रेघ दिसली असती. मामा पाचगणीत राहून जे दोन वर्षे सांगत होते, ते त्यांच्या दाराशीच घाट असल्यामुळे त्यांना दिसले होते. साताऱ्याच्या गॅरेजसमोर उतार नाही.

घरी येऊन ऑइल पाहिले. वरच्या खुणेपर्यंत आणायला ३८० मिलिलिटर लागले. ४९० किलोमीटरमध्ये ३८०, म्हणजे हजार किलोमीटरला पाऊण लिटरहून किंचित जास्त. टोपीखाली मळी पुन्हा धरलेली नाही.

जाता जाता पीयूसी करून घेतले. कार्बन मोनॉक्साइड १.१ टक्के, हायड्रोकार्बन ७८० पीपीएम. या वयाच्या मोटारीला मर्यादा ३ टक्के आणि १,५०० पीपीएम असल्यामुळे गाडी आरामात उत्तीर्ण झाली. तापलेले इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून ही तपासणी होते, त्यामुळे घाटाखालचा ढग तिच्या नजरेस पडत नाही.

१० डिसेंबर, रविवार. मीटर १,१९,०६० किमी.

हेड उतरवले. वॉल्व्ह सील हेड न उतरवताही बदलण्याच्या युक्त्या आहेत, पण मला पिस्टन आणि बोअर डोळ्यांनी पाहायचे होते आणि टायमिंग बेल्टही बदलायचाच होता. वाईतील एका मिस्त्रींनी रविवारचा दिवस दिला. ते कमी बोलतात आणि प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर काढलेल्या हेडच्या आकृतीत जिथला तिथे खोचून ठेवतात.

बेल्टच्या दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवून त्यांचा फोटो घेतला, पाणी काढले, मॅनिफोल्ड सोडवले आणि थंड इंजिनावर हेडचे बोल्ट बाहेरून आत, पाव-पाव फेऱ्याने सैल केले. हेड उचलताच सर्वप्रथम पिस्टनचे माथे पाहिले. रिंगांमधून ऑइल वर येत असेल तर पिस्टनच्या माथ्याच्या कडेचा कार्बन धुऊन जातो आणि तेथे स्वच्छ धातूचे कडे दिसते. तिन्ही माथ्यांवर कडेपर्यंत कोरडा, मऊ काळा थर होता. ६८.५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये कारखान्यातील तिरप्या होनिंगच्या (घासणीच्या) रेघा अजून दिसतात. वरच्या टोकाला, जेथे रिंग थांबते, तेथे नखाला अडकेल अशी कड लागली नाही. मिस्त्री म्हणाले, "याला बोर कोणी सांगितलं?" मी काही बोललो नाही.

हेड उलटे करून तिसऱ्या सिलिंडरचा इनटेक वॉल्व्ह काढला आणि सारी शंका फिटली. वॉल्व्हच्या पाठीवर, दांड्यापासून पसरत गेलेला, अर्ध्या बोराच्या फळाएवढा फुगलेला कार्बनचा गोळा होता. बाहेरून ओला आणि आतून ढेकळासारखा ठिसूळ. इतर दोन इनटेकवर त्याच्या निम्माही नव्हता. सहाही सील काढले. मूळचे लवचीक रबर बांगडीसारखे कडक झाले होते. तिसऱ्याच्या इनटेकचे सील चिमटीत दाबताच त्याचे दोन तुकडे झाले आणि त्याच्याभोवतीची बारीक स्प्रिंग माझ्या हातातच राहिली. वॉल्व्ह गाइडमध्ये घालून आडवा हलवून पाहिले. पाच ठीक होते, तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट जाणवेल इतका डुगडुगत होता.

१३ डिसेंबर, बुधवार.

लेथवाल्याकडे हेड दिले : एक गाइड बदलणे आणि पृष्ठभाग तपासणे. पृष्ठभाग सरळ होता, घासावा लागला नाही.

१७ डिसेंबर, रविवार.

सहाही वॉल्व्ह पेस्ट लावून बसवून घासले. घासणीची काठी तळहातांत फिरवताना सुरुवातीला येणारा खरखरीत आवाज मऊ होत गेला की थांबायचे, ही मिस्त्रींची रीत. सीटवर सलग राखाडी कडे आल्यावर स्प्रिंगा लावल्या, हेडच्या खोलग्यांत रॉकेल ओतले आणि अर्धा तास ठेवले. एकही वॉल्व्ह पाझरला नाही.

सील बसवताना माझ्या हातून एक फाटले. दांड्याच्या वरच्या टोकाला लॉक बसण्यासाठी खाच असते आणि तिची कड धारदार असते. त्या खाचेवरून दांडा तसाच सीलमधून ढकलला की सीलची ओठासारखी आतली कड कापली जाते आणि ते बाहेरून दिसतही नाही. मला ते केवळ आवाजावरून कळले. एक सील सुटे मिळत नसल्यामुळे दोनशे चाळीस रुपयांचा सहाचा दुसरा संच आणावा लागला. त्यानंतर खाचेवर चिकटपट्टीचा एक वेढा देऊन, त्यावर ऑइल लावून उरलेले बसवले.

नवीन गॅस्केट, नवीन बेल्ट, बोल्ट मधून बाहेर तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळले. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला लावली. संध्याकाळी सात वाजता इंजिन चालू झाले आणि आयडल पहिल्यापेक्षा सरळ लागला. आणि धूर आला, भरपूर निळा.

मी हताश झालो होतो. मिस्त्रींनी मात्र हात धुवायला घेतले. सायलेन्सरच्या पोटात वर्षानुवर्षांचे ऑइल बसलेले आहे, ते तापल्यावर जळणारच, गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर पळवून मग बोला, असे ते म्हणाले.

१८ डिसेंबर, सोमवार.

साताऱ्याला जाऊन आलो. लिंब फाट्यापर्यंत थोडा धूर होता, परतीच्या वाटेवर नव्हता.

२४ डिसेंबर, रविवार.

पसरणी घाट, तोच मार्ग, तोच गिअर, मागे तोच मामेभाऊ. घाट संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला. चित्रणात सायलेन्सरच्या तोंडाशी एक पुसटसा निळसर श्वास दिसतो, तोही चित्रण थांबवून पाहिले तरच. सकाळच्या थंड इंजिनाखाली धरलेल्या कागदावर आता फक्त पाण्याचे डाग येतात. ८ नोव्हेंबरच्या कागदाशेजारी तो लावला आहे.

पाचगणीत मामांना दोन्ही चित्रणे दाखवली. त्यांनी पहिले दोनदा पाहिले, आणि "एवढा ढग माझ्यामागं निघत होता? आणि टेबललँडवरच्या घोडेवाल्यांनी मला कधी सांगितलं नाही," एवढेच म्हणाले.

९ जानेवारी २०२४, मंगळवार.

परिवहन कार्यालयात तपासणी झाली. त्याआधी केलेल्या नव्या पीयूसीत हायड्रोकार्बन ३१० पीपीएम आले. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ तेवढेच, १.० टक्के, ते कार्बोरेटरच्या मिश्रणावर अवलंबून असल्यामुळे सील बदलून त्यात फरक पडण्याचे कारण नव्हते. दुरुस्तीचा एकूण खर्च, फुकट गेलेल्या सीलच्या संचासह, ८,४३० रुपये झाला.

२१ जानेवारी, रविवार. मीटर १,२०,०८० किमी.

दुरुस्तीनंतर १,०२० किलोमीटर झाले. ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणायला ८० मिलिलिटर लागले. तिन्ही प्लग काढून पाहिले; तिसराही आता कोरडा तपकिरी आहे, जुन्या थराचा एक ठिपका तेवढा पोर्सेलीनवर राहिला आहे. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून मात्र ऑइल किंचित पाझरते आहे. गॅस्केट बसवताना तो कोपरा नीट पुसला गेला नव्हता, असा संशय आहे. पुढच्या रविवारी कव्हर उघडायचे.